परत परत लाल होणारे टॅब: क्लाउडवरून उपकरणं सांभाळताना येणारी अडचण आणि तिची खरी कारणं

अडचण ओळखीची आहे. कंपनीचे फोन, टॅब, लॅपटॉप क्लाउडवरच्या व्यवस्थापनाखाली आणले. मायक्रोसॉफ्टचं इंट्यून असो, गूगल वर्कस्पेस असो की दुसरं एखादं एमडीएम (उपकरणं दुरून सांभाळणारी प्रणाली). सुरुवातीला सगळं हिरवं दिसतं. मग हळूहळू एकेक उपकरण 'नॉन-कम्प्लायंट' होतं, म्हणजे नियमांत बसत नाही म्हणून यादीत लाल दिसतं. काहींचं शेवटचं चेक-इन (पोर्टलशी, म्हणजे व्यवस्थापनाच्या वेबसाइटशी झालेला संपर्क) आठवड्यांपूर्वीचं असतं. कंडिशनल ॲक्सेस (नियमांत बसणाऱ्या उपकरणालाच प्रवेश) लावलेला असेल तर त्या माणसाचं ऑफिसचं मेल बंद होतं, ऑर्डरचं ॲप उघडत नाही. लगेच फोन येतो, "साहेब, टॅब परत लाल झालाय बघा, गाड्या खोळंबल्यात." कुणीतरी सिंक (लगेच संपर्क करायला लावणारं बटण) दाबतं, तो हिरवा होतो आणि काही दिवसांनी परत तेच.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्या, कुपवाड एमआयडीसीतले कारखाने, तासगाव-कवठेमहांकाळकडची द्राक्षाची पॅकहाऊस, साखर कारखान्यांचे शेती विभाग, सगळीकडे हेच गाऱ्हाणं ऐकू येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. त्या पुरानंतर तळमजल्यावर सर्व्हर ठेवायची हिंमत कुणाची होत नाही, आणि क्लाउडवर जायचा निर्णय बरोबरच होता. पण क्लाउडची ही व्यवस्था रोज चालू असलेल्या, रोज इंटरनेटवर असलेल्या उपकरणांसाठी आखलेली आहे. आपला धंदा हंगामी, माणसं शिवारात आणि नेटवर्क मिळेल तेवढं. बहुतेक लाल खुणा या फरकातून येतात. म्हणून नुसतं सिंक दाबून त्या जात नाहीत.

आधी लाल कशामुळे ते बघा

पोर्टल तुमच्या टॅबमध्ये डोकावून बघत नसतं. टॅबच पोर्टलकडे हजेरी लावतो. पोर्टलकडून एक पुश संदेश येतो (अँड्रॉइडला गूगलच्या एफसीएममार्फत, आयफोनला ॲपलच्या एपीएनएसमार्फत), त्याने उपकरण जागं होतं आणि मग आपली माहिती पाठवतं. पुश आला नाही तरी ठरावीक वेळाने ते स्वतः संपर्क करतं. इंट्यूनमध्ये हा वेळ साधारण ८ तासांचा असतो. आणि मूळ सेटिंग असं असतं, की ३० दिवस हजेरीच लागली नाही तर उपकरण नॉन-कम्प्लायंट धरायचं. ही मुदत १ ते १२० दिवसांत बदलता येते. बसवून देणाऱ्यांनी ती बऱ्याच ठिकाणी आठवड्यावर आणून ठेवलेली दिसते.

म्हणजे लाल खुणेचे अर्थ दोन. एक, नियम मोडलाय: स्क्रीनचा पिन काढून टाकला, अँड्रॉइडची आवृत्ती ठरवलेल्या मर्यादेच्या खाली आहे, स्टोरेज एन्क्रिप्ट केलेलं नाही. दोन, हजेरीच लागलेली नाही. उपकरणाच्या पानावर आधी शेवटच्या चेक-इनची वेळ बघा. ती आजची असेल तर कोणता नियम मोडला ते तिथेच लिहिलेलं असतं, तेवढं दुरुस्त केलं की काम झालं. ती जुनी असेल तर नियमांना हात लावू नका. उपकरण पोर्टलपर्यंत का पोहोचत नाही, ते शोधायचं आहे.

नियम मोडल्याच्या प्रकारात दोनच गोष्टी परत परत उद्भवतात. स्वस्तातले बिनब्रँडचे टॅब गूगलच्या तपासणीत टिकत नाहीत. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली उपकरण प्रमाणित आहे की नाही ते दिसतं. नसेल तर तो टॅब परत करा, त्यावर वेळ घालवू नका. दुसरं म्हणजे विंडोज १०. त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे 'ताजे अपडेट हवेत' असा नियम असेल तर ते संगणक एकेक करून लाल होत जाणार.

रिसेटला हात लावू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हे आधी सांगतो. टॅब ऐकत नाही म्हटलं की कुणीतरी पटकन फॅक्टरी रिसेट करून टाकतं, म्हणजे आतलं सगळं पुसून तो नव्यासारखा करतं.

साखर कारखान्याच्या चिटबॉयचा (गावोगाव ऊस नोंदणाऱ्या कर्मचाऱ्याचा) टॅब घ्या. जत किंवा शिराळ्याच्या डोंगराकडच्या गावात रेंज नसताना तो ऊस नोंदी करतो: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. त्या नोंदी ॲपमध्ये साठून राहतात आणि रेंजमध्ये आल्यावर वर जातात. हजेरी न लागलेला टॅब म्हणजे बहुधा नोंदीही वर न गेलेला टॅब. तो रिसेट केला की नोंदी गेल्या. लागणीच्या तारखेवर तोडणीचा क्रम लागतो. ज्या शेतकऱ्याची नोंद गेली त्याचा ऊस मागे पडतो, वाळतो, वजन घटतं. आपल्या एका बटणाची किंमत तो शेतकरी मोजतो. म्हणून रिसेटच्या आधी ॲप उघडून न गेलेल्या नोंदी किती आहेत ते बघायचं आणि त्या वर पाठवायच्या. त्या जात नसतील तर ॲपवाल्याशी बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरा धोका गूगल खात्याचा. टॅबवर कुणाचं वैयक्तिक जीमेल टाकलेलं असेल आणि ते न काढता रिकव्हरी मोडमधून रिसेट मारला, तर टॅब चालू होताना तेच जुनं खातं मागतो. ज्याचं खातं आहे तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेलेला असेल तर टॅब अडकून पडतो. खरेदीची पावती घेऊन सर्व्हिस सेंटरला खेटे घालावे लागतात.

घड्याळ

हजेरी न लागण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वजनकाट्यावरचा संगणक बघा. धुळीचा थर, जुना मदरबोर्ड, आणि रात्री काटा बंद करताना मेन स्विचच पाडून जायची पद्धत. मदरबोर्डवर ३ व्होल्टची सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ तीच चालवते. ती संपली की सकाळी संगणक चालू होतो तेव्हा त्याच्या लेखी कित्येक वर्षांपूर्वीचा १ जानेवारी असतो. सुरक्षित जोडणीत समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते तपासलं जातं. संगणकाची तारीख त्या आधीची असेल तर त्याला प्रमाणपत्रच खोटं वाटतं. मग लॉगिन होत नाही, सिंक होत नाही, ब्राउझरही 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो. दुपारी कधीतरी विंडोज इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून घेतं आणि सगळं आपोआप चालू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाढे पंचावन्न. 'सकाळी चालत नाही, जेवणानंतर चालतं' असं काट्यावरच्या माणसाने सांगितलं तर दुसरं काही शोधायच्या आधी सकाळच्या पहिल्या काटापावतीवरची तारीख बघा. चूक तिथेच सापडते.

बॅटरी बदलायला फार पैसे लागत नाहीत. पण एवढ्यावर थांबू नका. कित्येक ऑफिसांत फायरवॉलवर (नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्यावर) यूडीपी १२३ हा पोर्ट, म्हणजे वेळ जुळवायची वाट, बंद असतो, त्यामुळे वेळ जुळवायची विनंती बाहेरच जात नाही. तो उघडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही आपल्या सगळ्या प्रणालींची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा त्यांना जुळलेल्या सर्व्हरशी, जोडलेली ठेवायला सांगितलेलं आहे. म्हणजे हे तसंही करायचंच काम आहे. टॅबवर 'ऑटोमॅटिक डेट अँड टाइम' चालू ठेवा आणि धोरणातूनच ते बंद करायची मुभा काढून घ्या. सुट्टीत गेम खेळताना पोरं तारीख पुढे ढकलतात आणि ती तशीच राहते, असंही होतं.

बॅटरी वाचवणारा फोन

फिरतीवरच्या सेल्समनचे फोन मुख्यतः यामुळे लाल होतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यामागे चालणारी ॲप बंद करून बॅटरी वाचवायची आक्रमक सोय असते. दिवसभर आटपाडी-विट्याच्या बाजूला फिरणारा माणूस चार्ज पुरावा म्हणून सगळे बॅटरी सेव्हर चालू ठेवतो, आणि त्यात व्यवस्थापनाचं ॲपही झोपवलं जातं. अशा फोनवर त्या ॲपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. 'ऑटोस्टार्ट' नावाचं वेगळं सेटिंग असेल तर तेही चालू करा. रेडमी, विवो, ओप्पो, रिअलमीमध्ये ते निरनिराळ्या जागी सापडतं. आणि माणसांना सांगा, 'फोर्स स्टॉप' दाबू नका. फोर्स स्टॉप केलेलं ॲप हाताने परत उघडेपर्यंत पुश संदेश घेत नाही.

वर्क प्रोफाइल (फोनमधला कामाच्या ॲपचा वेगळा कप्पा) असलेल्या फोनवर आणखी एक बघायचं. वर्क ॲप्स 'पॉज' करायची सोय कामगाराच्या हातात असते. रविवारी सुट्टी म्हणून पॉज केलं आणि सोमवारी चालू करायचं राहिलं, की हजेरी थांबली. यात त्याची चूक नाही, ती सोय त्याच्या सुट्टीसाठीच आहे. व्हॉट्सॲपवर सोमवारी सकाळी एक आठवण टाकलेली पुरते.

इथे एक मनापासून सांगायचंय. कित्येक जण विसरून पॉज करत नाहीत, मुद्दाम करतात, कारण त्यांना वाटतं मालक आपला फोन बघतोय. फोन त्यांच्या स्वतःच्या पैशाचा असतो आणि ॲप टाकताना कुणी त्यांना काहीच सांगितलेलं नसतं. वैयक्तिक फोनवरच्या वर्क प्रोफाइलमधून कंपनीला त्यांचे फोटो, व्हॉट्सॲप, कॉलची यादी, खासगी ॲप यातलं काहीही दिसत नाही. नोकरी सोडली तर पुसलं जातं ते फक्त वर्क प्रोफाइल. कंपनीच्या मालकीच्या, पूर्ण व्यवस्थापित फोनची गोष्ट वेगळी. तिथे ॲपची यादी दिसते, हरवला तर ठिकाण शोधता येतं, पूर्ण फोन पुसता येतो. हा फरक मराठीत एका कागदावर लिहून प्रत्येकाला द्या, शंका विचारू द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही माहिती कशासाठी घेतो ते स्पष्ट सांगण्याची जबाबदारी टाकली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, विश्वासात घेतलेला माणूस ॲप बंद करत नाही. जिथे मालकांनी स्वतः बसून समजावलं तिथले फोन हिरवे राहिले, असाच माझा अनुभव आहे.

वाय-फायवर चालत नाही, मोबाइल डेटावर चालतं

ही तपासणी सगळ्यात सोपी. ऑफिसचं वाय-फाय तोडा, फोनच्या हॉटस्पॉटवर जोडा, सिंक दाबा. झालं, तर दोष तुमच्या फायरवॉलमध्ये आहे. अँड्रॉइडच्या पुशसाठी टीसीपी ५२२८ ते ५२३० आणि ४४३ मोकळे हवेत, ॲपलसाठी ५२२३ आणि ४४३. पोर्ट उघडे असूनही अडत असेल तर फायरवॉलचं 'एसएसएल इन्स्पेक्शन' बघा. ते मध्ये बसून प्रमाणपत्र बदलतं आणि व्यवस्थापनाच्या सेवा असं बदललेलं प्रमाणपत्र स्वीकारत नाहीत. त्या सेवांचे पत्ते तपासणीतून वगळायला सांगा.

पॅकहाऊसमध्ये कारण आणखी साधं निघतं. प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोअरच्या भिंती म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये पफ (थंडी धरून ठेवणारा फोम). आत मोबाइलची रेंज जवळजवळ शून्य. तिथला टॅब दिवसभर आत आणि रात्री बंद असेल तर तो पोर्टलला कधी भेटणार? आत एक ॲक्सेस पॉइंट लावा, किंवा चार्जिंगची जागा बाहेर ऑफिसात ठेवा आणि टॅब रात्रभर चालू राहू द्या.

हंगाम संपला, टॅब कपाटात गेले

आपल्या जिल्ह्यातला हा सगळ्यात मोठा आणि कुठल्याही मॅन्युअलमध्ये न सापडणारा भाग. द्राक्षाचं काम एप्रिलपर्यंत आटोपतं, गाळप त्याच सुमारास थांबतं, हळदीच्या सौद्यांची गर्दी पावसाच्या तोंडावर ओसरते. टॅब गोळा होतात, खोक्यात जातात, कपाटाला कुलूप. पुढच्या हंगामाच्या आदल्या दिवशी खोकं उघडतं. तोवर ३० दिवसांची मुदत कधीच उलटलेली असते. ती तरी परवडली, एका सिंकने ती सावरते. खरी अडचण उपकरणाच्या आतल्या व्यवस्थापन प्रमाणपत्राची. इंट्यूनमध्ये ते वर्षभराचं असतं आणि उपकरण संपर्कात असेल तरच त्याचं आपोआप नूतनीकरण होतं. टॅब मधल्या काळात बंद राहिला आणि प्रमाणपत्राची तारीख नेमकी त्या काळात संपली, तर सिंकने काही होत नाही, नव्याने नोंदणी करावी लागते. त्यातच कुणीतरी पोर्टलवर 'इतके दिवस न दिसलेली उपकरणं काढून टाका' असा नियम लावलेला असतो, म्हणजे टॅब यादीतूनही गायब.

उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो. कपाटात ठेवण्याआधी प्रत्येक टॅबच्या न गेलेल्या नोंदी वर पाठवा, शेवटचा सिंक करा, मागे अनुक्रमांकाचं स्टिकर लावा. हंगामाबाहेर महिन्यातून एक दिवस सगळे टॅब चार्जिंगला लावून वाय-फायवर सोडा. कुणाच्या तरी नावावर हे काम लिहून ठेवा, नाहीतर ते होत नाही. अपडेटही त्याच दिवशी उतरतात आणि बॅटऱ्या फुगल्या असतील तर त्याही कळतात. ऊस नोंद, पॅकहाऊस, काटा यांच्या हंगामी टॅबसाठी वेगळा गट करून हजेरीची मुदत लांब ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपसाठी छोटी. सगळ्यांना एकच धोरण लावून ठेवण्याचा आळस महागात पडतो. आणि हंगामाची तयारी आदल्या दिवशी नको, पंधरवडाभर आधी खोकं उघडा.

नव्याने नोंदणी करायचीच वेळ आली तर पूर्ण व्यवस्थापित टॅब रिसेट झाल्यावर पहिल्या स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप करा, क्यूआर स्कॅनर उघडतो. पोर्टलवरचा कोड दाखवला की पुढचं आपोआप होतं. दुकानातला पोरगा आधी जीमेल टाकून टॅब 'चालू करून' देतो. ते टाळा, नाहीतर परत रिसेट.

खाती कुणाच्या नावावर आहेत?

लायसन्स वाचवायला एकाच खात्यावर सगळे टॅब नोंदवायची पद्धत फार आहे. इंट्यूनमध्ये एका वापरकर्त्याला जास्तीत जास्त १५ उपकरणांची मर्यादा ठेवता येते. सोळावा टॅब नोंदणीत अडतो आणि वाटतं इंटरनेटचा घोळ आहे. शिवाय त्या खात्याचा पासवर्ड बदलला, किंवा तो माणूस गेला आणि खातं बंद केलं, की त्याच्या नावावरचे टॅब एकामागोमाग एक आजारी पडतात. पाळीत हात बदलणारे टॅब एका माणसाच्या नावावर नोंदवूच नका. त्यांच्यासाठी 'डेडिकेटेड डिव्हाइस' नावाची, माणसाशी न जोडलेली नोंदणी असते.

आयफोन किंवा आयपॅड असतील तर आजच एक गोष्ट तपासा. ॲपलचं पुश प्रमाणपत्र दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि ते ज्या ॲपल खात्यावरून काढलं त्याच खात्यावरून. ते खातं बसवून देणाऱ्या एजन्सीतल्या कुणाच्या वैयक्तिक ईमेलवर असेल आणि तो माणूस सापडला नाही, तर सगळी आयओएस उपकरणं पहिल्यापासून नोंदवावी लागतात. खातं कंपनीच्या ईमेलवर हवं, पासवर्ड मालकांकडे बंद पाकिटात हवा, आणि नूतनीकरणाची तारीख अकाउंटंटच्या त्याच यादीत हवी जिथे जीएसटीच्या तारखा लिहिलेल्या असतात. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या मुख्य प्रशासक खात्यांचंही हेच. पैसे देऊन काम करून घेतलं म्हणजे चावी आपल्याकडे आली असं धरून चालू नका, मागून घ्या.

एवढं करूनही लाल राहिला तर

सपोर्टला फोन करण्याआधी हे जमवून ठेवा: उपकरणाचा अनुक्रमांक, मॉडेल आणि अँड्रॉइड किंवा विंडोजची आवृत्ती, पोर्टलवरची शेवटच्या चेक-इनची वेळ, हॉटस्पॉटवर सिंक करून बघितल्यावर काय झालं, पडद्यावरच्या चुकीच्या संदेशाचा फोटो, तारीख-वेळ दिसेल असा. विंडोजवर 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल'मध्ये खात्याच्या 'इन्फो'त शिरलं की शेवटचा सिंक कधी झाला, यशस्वी झाला की नाही, ते दिसतं. त्याचाही फोटो घ्या. फोन ज्याच्या हातात असतो त्या चिटबॉयला किंवा काट्यावरच्या माणसाला बोलताना शेजारी बसवा. कधीपासून आणि दिवसाच्या कोणत्या वेळेला असं होतं, ते त्याच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.